कोट घालून आलेला नयन

दर गुरुवारी दुपारी बोरी अरबच्या पुढे, रस्त्याला लागून असलेल्या त्या बंद गोडाऊनसमोर गाड्यांची अशी रांग लागायची, की नवख्याला वाटावं आत एखाद्या पुढाऱ्याच्या पोरीचं लग्न आहे. ऑटो, ट्रॅक्टर, मोटरसायकली, थेट पुसदहून भरून आलेली एक काळीपिवळी. बाहेर चहाची टपरी, भज्यांची गाडी, चपला सांभाळणारा माणूस, सगळं होतं. आत मात्र मेलेली माणसं दिसायची.

कधीकाळी इथे कापसाच्या गाठी ठेवत. आता भिंती काळ्या कापडानं झाकल्या होत्या आणि धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलेलं होतं. समोर गादी, गादीवर झलकबाबा. काळा झब्बा, काळी टोपी, डोळ्यांत सुरमा आणि हातात एक लांब, पांढरी, सपसप लवणारी काठी. त्याचं खरं नाव कुणाला माहीत नव्हतं. मेलेल्यांची झलक दाखवतो म्हणून झलकबाबा.

"दो बातें ध्यान में रखो, माऊली," बाबा सुरू झाला. "पहिली बात, मागं वळून पाहाचं नाही. मागं पाह्यलं का आत्मा मागंच राहून जाते. दुसरी बात, इथं उदबत्ती नाही, धूप नाही, बिडी तं नाहीच नाही. आत्म्याले धूर सोसत नाही. जिंदगीभर चुलीचा धूर खाल्ला त्यानं, आता तरी सुखानं येऊ द्या त्याले!"

लोक हसले आणि हसता हसताच डोळे पुसू लागले. बाकीचे बाबा धूप जाळून जीव घाबरा करतात, हा कसा साफसुथरा आहे, असं बायका आपसांत बोलत होत्या. बाबाला तेच हवं होतं.

भिंतीशी टेकून शीला बसली होती. दारव्ह्याच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. असल्या ठिकाणी ती आयुष्यात पाय ठेवणारी नव्हती. पण तिच्या भावाची, राजदीपची बायको रुपाली गळ्यात पडून रडली होती, "एक डाव चाला, ताई. नयन नाही दिसला तं मंग मले काय म्हनाचं ते म्हना." नयन म्हणजे रुपालीचा थोरला, शीलाचा भाचा. जाऊन वर्ष झालं होतं त्याला. आता रुपाली शीलाच्या शेजारी बसली होती आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून धाकटी करुणा पेंगत होती.

शटर खाली आलं. डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार झाला. मागच्या माळ्यावरून झांजा वाजू लागल्या, कानठळ्या बसतील इतक्या.

"नयन राजदीप!" बाबा ओरडला. "आ जा बेटा! माय आली हाये तुही!"

काठी डावीउजवीकडे फिरू लागली. आधी नुसती सळसळ ऐकू आली. मग वेग वाढला आणि बाबाच्या डोक्यावर, रिकाम्या हवेत, नयन दिसला.

तोच. तेच बाहेर आलेले कान, तोच ओठावरचा तीळ. मागे ना पडदा दिसत होता, ना भिंत. पोरगं हवेत थरथरत होतं आणि सरळ आपल्याकडे पाहत होतं. शीलाच्या तोंडून "अगं माय!" निघून गेलं. विज्ञान, शाळा, सगळं कुठल्या कुठे पळालं. या पोराला तिनं मांडीवर घेऊन अक्षरं गिरवायला लावली होती. ती ढसाढसा रडली.

काठी थांबली आणि नयन विझला.

"दिसला?" अंधारातून बाबा म्हणाला. "दिसला ना, माय? हात केला ना त्यानं?"

"केला! केला, बाबा!" रुपाली किंचाळली.

"कसा केला? ये म्हून का जा म्हून?"

"ये म्हून."

"कोनाले केला?"

बाबानं थोडा वेळ जाऊ दिला. असल्या माणसांना गप्प कधी राहायचं ते फार चांगलं कळतं.

"मांडीवर कोन हाये तुह्या? त्याची बहीन ना? एकट्याले करमत नाही त्याले, माऊली. बहिनीले बोलावून राह्यला तो."

रुपालीनं करुणाला असं घट्ट आवळलं, की ती झोपेतून दचकून उठली. बाबाकडे उपाय तयारच होता. दवाखान्याच्या गोळ्या बंद, कारण गोळीच्या वासानं आत्मा चिडतो. आणि दर गुरुवारी पोरीला निर्जळ उपास, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. "बहीन तहानलेली दिसली का भावाले दया येईन. तो हात खाली करन." रुपाली मान हलवत राहिली. आणि शीला, पोरांना वर्गात प्रश्न विचारा म्हणून ओरडणारी शीला, गप्प बसली. कारण खरं सांगायचं तर, तिलाही हात हलल्यासारखा वाटला होता.

बाहेर उन्हात आल्यावर तिचं डोकं जरा ठिकाणावर आलं. चहाच्या टपरीवर बळीराम नावाचा एक म्हातारा आणि त्याचा मुलगा भांडत होते. म्हातारी दोघांनाही एकाच वेळी दिसली होती. म्हातारा म्हणे ती हसत होती. पोरगा म्हणे, "कायची हसते, रडून राह्यली होती ना बुढी." एकच बाई, एकच क्षण, आणि एकाला हसताना दिसली, दुसऱ्याला रडताना. शीलाला ते विचित्र वाटलं. त्याहून विचित्र काहीतरी डोक्यात टोचत होतं. ऑटो दारव्ह्याच्या रस्त्याला लागला तेव्हा ते सापडलं.

"रुपाली, नयनच्या आंगात का होतं व?"

"कोट होता, ताई. निया कोट, लाल टाय. कसा साहेबावानी दिसत होता पोट्टा."

"नयननं कोट कधी घातला?"

रुपाली पदराशी चाळा करत राहिली. "इथं आपून नाही घेऊ शकलो. तिथं भेटला अशीन त्याले," ती म्हणाली. पुढे काही विचारायचा शीलाला धीर झाला नाही.

आता करुणाचं सांगायला हवं. दोन्ही पोरांना सिकलसेल होता. या आजारात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांमध्ये अडकतात आणि हाडन्‌हाड ठणकतं. अशा पोरांना रोजची गोळी चुकवायची नसते आणि भरपूर पाणी प्यायला द्यायचं असतं. बाबानं नेमकं हेच बंद केलं होतं. नयनला ताप आला तेव्हा, उतरेल उतरेल म्हणत घरीच ठेवला होता. यवतमाळच्या दवाखान्यात नेला तोवर छाती भरून आलेली, आणि तिथेच तो गेला. रुपालीच्या डोक्यात मात्र हिशोब उलटा बसला होता, की दवाखान्यात नेला म्हणून गेला.

शीला भावाच्या घरी गेली तेव्हा करुणाच्या गोळ्यांची पाकिटं कपाटावर तशीच पडलेली. तिचा ताबा सुटला.

"राजदीप, अक्कल गहाण ठेवली का रे तू? बाप शिकून शहाने व्हा म्हनता म्हनता मेला. अन् तू लेकराचं पानी बंद करतं?"

राजदीप एसटी डेपोत मेकॅनिक. दिवसभर इंजिनाशी झुंजणारा माणूस, पण बायकोपुढे वर्षभर तो पार खचून गेला होता. "ताई, नयन गेल्यापासून ते जेवत नोती. त्या गोडाऊनातून आली अन् तिनं पोटभर खाल्लं. मी काय बोलू तिले? अन् म्या बी पाह्यला ना पोराले. सोताच्या डोयानं."

"मंग मले सांग, त्या कोटाचं का?"

शीलानं त्याचा हात धरला आणि त्याला सरळ सुनीलच्या दुकानात नेलं.

सुनील फ्लेक्स छापायचा. वाढदिवस, निवडणूक, श्रद्धांजली, चौकात जे काही टांगलेलं असेल ते सुनीलचं. नयन गेला तेव्हा श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटो शीलानंच दिला होता. त्या दिवसांत कुणाला कशाची शुद्ध होती? फ्लेक्स चौकात लागला, उन्हानं विटला, उतरवला गेला. घरच्यांनी मान वर करून तो नीट पाहिलासुद्धा नव्हता.

"हो ना, मॅडम, तुमीच तं देल्ला," सुनील म्हणाला. "बनियनवर होतं लेकरू, दोस्ताचा हात गयात. असा कसा चौकात लावाव? मंग मान कापली अन् कोट घातला." बोलता बोलता त्यानं संगणकावर उघडून दाखवलं. निळा कोट, लाल टाय, वर नयनचं डोकं. "हा कोट मी साऱ्याईलेच घालतो. लहान-मोठा करून घेतो. बायाईले हिरवी साडी हाये, सोनेरी काठाची."

राजदीप पडद्याजवळ वाकला. "ताई," तो म्हणाला, "त्या गोडाऊनात सारे मानसं ह्याच कोटात येते. बाबा म्हने, वरतं साऱ्याईले सारखाच पोशाख भेटते."

"हे फोटो तू कोनाले देल्ले का?" शीलानं विचारलं.

"बाबुलालभाऊ येते ना पेनड्राइव्ह घेऊन. बाबाचा मानूस. म्हने बाबा मेलेल्याईसाठी प्रार्थना करते, फोटो पायजेत. पुन्याचं काम, मी कायले नाही म्हनू?"

म्हणजे स्वर्गातला शिंपी दारव्ह्यात बसला होता! हसावं की डोकं आपटून घ्यावं, शीलाला कळेना. तरी राजदीपच्या शंकेपुढे तिचं काही चालेना. फोटो सुनीलचा, कबूल. पण तो हवेत उभा कसा राहतो? पडदा नाही, टीव्ही नाही. नुसत्या काठीनं मेलेलं पोर दिसतं कसं?

उत्तर तिला तिच्याच वर्गात मिळालं. धडा दृष्टीचा होता. ती दरवर्षी एक पुठ्ठ्याची चकती घेऊन जायची. एका बाजूला पोपट काढलेला, दुसऱ्या बाजूला पिंजरा, दोन टोकांना दोरे. दोरे पीळ देऊन सोडले की चकती गरगरा फिरते आणि पोपट पिंजऱ्यात बसलेला दिसतो.

"पोपट पिंजऱ्यात गेला का?" ती सवयीनं बोलत होती. "नाही. डोळ्यांनी चित्र पाहिलं की मेंदू ते लगेच सोडत नाही. अख्खं चित्र जसंच्या तसं क्षणभर धरून ठेवतो. चुटकी वाजवायच्या आत ते पुसलं जातं. पण तेवढ्यात दुसरं चित्र आलं, तर दोन्ही मिळून आपल्याला एकच..."

ती मध्येच थांबली. पोरं वाट पाहत राहिली. "मॅडम, एकच काय?"

"एकच दिसतं," असं कसंबसं म्हणून तिनं चकती टेबलावर ठेवली. काठीचा एक तुकडा डावीकडे, पुढचा मध्ये, पुढचा उजवीकडे. चित्राची एकेक चीर. काठी पुढे गेली तरी मागची चीर डोळ्यांपुढून जात नाही, आणि सगळ्या चिरा मिळून नयन होतो. मग आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. मेंदू त्या क्षणात धरतो सगळं, पण सांगायला जावं तोवर त्यातलं बरंच निसटलेलं असतं. जे निसटलं ते मन आपल्या पदरचं भरतं. म्हणून म्हातारी एकाला हसताना दिसली आणि दुसऱ्याला रडताना. म्हणूनच झलक विझताच बाबा विचारायचा, "हात केला ना?"

पुढचा गुरुवार पौर्णिमेचा होता. संध्याकाळी विहारात जायचं म्हणून शीला पांढरी साडी नेसून शाळेत आली होती. मधल्या सुट्टीत तिनं राजदीपला डेपोतून बोलावून घेतलं. शाळेचा प्रोजेक्टर अंधाऱ्या खोलीत लावला आणि त्याचं तोंड अंधाऱ्या बोळात उघडणाऱ्या दाराकडे केलं, म्हणजे चित्र कशावरच पडू नये. सुनीलकडून आणलेला कोटातला नयन त्यात घातला. खोलीत काहीच दिसेना. मग तिनं पांढरी पट्टी घेऊन दारापाशी वेगानं फिरवली.

राजदीप भिंतीला धरून खाली बसला. मग त्यानं घरी फोन लावला. रुपालीनं उचलला नाही. शेजारच्या तुळसाबाईनं उचलला.

"रुपाली? ते तं मघाच गेली ना, बाप्पा, गोडाऊनावर. पोरगी तापानं फनफनली होती. उभं राहता येत नोतं लेकराले. मी म्हनलं दवाखान्यात ने, तं म्हने आज गुरुवार हाये."

राजदीपनं मोटरसायकल अशी हाणली, की शीलाला दोनदा वाटलं आपणही आज पोचत नाही. गोडाऊनचं शटर अर्धं खाली आलं होतं. दोघं वाकून आत शिरले. राजदीप अंधारात मागे सरकला, माळ्याच्या शिडीकडे. शीला पुढे गेली. बाबाच्या गादीजवळ एका परातीत प्रसादाची राख ठेवलेली असायची. ती परातीच्या कडेला जाऊन बसली. तिथूनच तिला रुपाली दिसली आणि सतरंजीवर पडलेली करुणा. पोरीचे ओठ सुकून फुटले होते.

त्याच क्षणी उठावं आणि पोरीला उचलून पळावं, असं शीलाला वाटलं. पण रुपालीनं सोडलं नसतं, आणि सगळं गोडाऊन रुपालीच्या बाजूनं उभं राहिलं असतं. झांजा सुरू झाल्या. शटर पूर्ण खाली आलं.

"नयन राजदीप! देख बेटा, तेरी बहन प्यासी है!"

काठी फिरली. कोट घातलेला नयन हवेत आला. शीला उठली, दोन्ही मुठी राखेनं भरल्या आणि वर भिरकावल्या.

राख पसरली आणि अंधारात उजेडाचा एक तिरपा पट्टा लख्ख दिसू लागला. बाबाच्या डोक्यापासून सगळ्यांच्या डोक्यांवरून मागे, पार माळ्यापर्यंत. मागं पाहायचं नाही हा नियम कुणाच्या लक्षात राहिला नाही. सगळ्या माना वळल्या. माळ्याच्या फळीत एक भोक होतं आणि भोकात प्रोजेक्टरची काच चमकत होती.

"बंद कर! बाबुलाल, बंद कर!" बाबाची हिंदीही गेली आणि माऊलीही गेली.

"मशीनले हात लावून पाह्य, बाबुलाल!" माळ्यावरून राजदीपचा आवाज आला आणि झांजा थांबल्या.

बाबानं काठी खाली टाकली. नयन नाहीसा झाला. शीला गादीवर चढली, पदर सोडला आणि दोन्ही हातांनी ताणून काठीच्या जागी धरला. पांढऱ्या पदरावर नयन आला. या वेळी तो थरथरला नाही आणि विझलाही नाही. कुणीही सावकाश पाहावा असा उभा राहिला.

"हा फोटो आहे," शीला म्हणाली. तिनं आवाज चढवला. "फ्लेक्सच्या दुकानातला. तुमच्या सगळ्यांच्या माणसांचे फोटो त्याच दुकानातून आलेत, म्हणून सगळ्यांना एकच कोट. उजेड हवेतून जातो तेव्हा दिसत नाही, मागच्या काळ्या कापडावर पडला तरी उमटत नाही. काठी मध्ये आली की काठीपुरता दिसतो. काठी वेगानं फिरली की डोळ्यात राहिलेले तुकडे जुळतात. एवढंच आहे. धूर झाला तर उजेडाचा पट्टा दिसेल, म्हणून इथं उदबत्ती चालत नाही. आत्म्याचा काही संबंध नाही."

टाळ्या पडल्या नाहीत. कुणीतरी हुंदका दिला. बळीराम म्हातारा उठून रागानं म्हणाला, "का व बाई, का मिळालं तुले? दिसत होती ना माही बुढी." शीलाला त्याच्याकडे पाहवेना.

रुपाली पुढे आली. पदराच्या अगदी जवळ, इतकी की तिची सावली नयनच्या कोटावर पडली. ती बाजूला सरकली, वरून खाली पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"ताई, याचा हात कुठं हाये?"

चित्र छातीशी संपत होतं. कोटाचे खांदे होते, टाय होता. हात नव्हतेच. सुनीलच्या कोटाला हात नव्हते, कधीच नव्हते.

"मले तं हात केला होता यानं," रुपाली म्हणाली. "मी पाह्यला."

"नाही केला, रुपाली. कोनालेच नाही बोलावलं त्यानं."

रुपाली काठीकडे पाहत राहिली. मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, "एक डाव अजून फिरवता का, ताई? मले माहीत हाये खोटं हाये. एकच डाव."

शीलाचं काळीज फाटलं. तिनं पदर खाली सोडला. "इकडं पाह्य," ती ओरडली, "तुही जिती पोरगी तिथं पडली हाये! तिले पाह्य!"

करुणा डोळे उघडून छताकडे पाहत होती. शीलानं पर्समधली बाटली काढून तिच्या तोंडाला लावली. पाण्याचा घोट आत गेला आणि डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून तसाच बाहेर ओघळला. शीलानं पोरीचा डावा हात उचलला. सोडताच तो सतरंजीवर थपकन पडला.

कुणाच्या तरी गाडीतून तिला यवतमाळला नेलं. लोहाऱ्याची एमआयडीसी मागे पडेपर्यंत रुपाली एकच गोष्ट करत होती. तो डावा हात उचलायची, सोडायची आणि पुन्हा उचलायची.

करुणा वाचली. डॉक्टरांनी रक्त दिलं, दिवसरात्र धावपळ केली. विळ्यासारख्या पेशी मेंदूच्या नसेत अडकल्या होत्या. तापाबरोबरच पाणी आणि गोळी तोडल्यानं असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. आणखी थोडा उशीर झाला असता तर पोरगी गेलीच असती. तोंड हळूहळू सरळ झालं. डावा हात मात्र परत आला नाही. वेणी घालायची तर ती आता आईपुढे बसते.

बाबुलालनं पोलिसांत सगळं ओकून टाकलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. बाबा पकडला गेला आणि जामिनावर सुटलाही. आता तो दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या नावानं बसतो, असं ऐकू येतं. काठी पांढरीच आहे म्हणे. गोडाऊन कुणी भाड्यानं घेत नाही. कधीकधी बळीराम म्हातारा मात्र त्याच्या बंद शटरसमोर येऊन उभा राहतो.

शीलानं शाळेचा प्रोजेक्टर घेऊन गावोगाव जायचं ठरवलं. पहिल्याच गावात रुपाली तिच्याबरोबर उतरली. तिनं प्रोजेक्टरमधला कोटवाला फोटो बदलून घेतला आणि खरा घातला, बनियनवरचा, दोस्ताचा हात गळ्यात असलेला, दोन्ही हात पाठीमागे लपवून हसणारा नयन. काठी तिनं स्वतः हातात घेतली. अंधार झाला, काठी फिरली, पोरगं हवेत आलं, बायांनी तोंडावर पदर घेतले. मग रुपालीनं काठी थांबवली.

"यानं हात केला का?" तिनं विचारलं.

"केला," दोन-चार बाया एकदम म्हणाल्या. एक म्हातारी तर म्हणाली, "बोलावलं ना, माय, त्यानं."

रुपालीनं पांढरं कापड पुढे धरलं. नयन त्यावर उभा राहिला, हात पाठीमागे. बायांनी पुढे वाकून नीट पाहिलं.

"हा माहा पोरगा," रुपाली म्हणाली. "हा मेला. तो परत आला नाही, येत बी नाही. तुमच्या डोयात तो पापनी लवते तेवढाच राह्यला, बाकीचं तुमी भरलं. म्या बी भरलं होतं. मले पक्का दिसला होता त्याचा हात. त्या नसलेल्या हातापायी माह्या जित्या पोरीचा हात गेला."

ती करुणाकडे वळली. पोरगी पहिल्या रांगेत बसली होती, उजव्या हातात पाण्याची बाटली घेऊन.

"डोये आपले खोटं नाही बोलत, बायांनो. पन जे दिसलं ते दोनदा पाहा, उजेडात पाहा, मागं वळून पाहा. मागं पाहू नका म्हननारा जो कोनी भेटन, त्याले आधी विचारा का मागं का लपवलं हाये. अन् लेकराले ताप आला तं वाट पाहू नका. दवाखान्यात न्या."

मग ती करुणाला म्हणाली, "पी, माय, पानी पी." आणि करुणा बाटली रिकामी होईपर्यंत सगळं गाव तिच्याकडे पाहत राहिलं.